नळीतला केस

भरदुपारी मी दार उघडलं. दारात माझी नणंद उभी, आणि तिची कमरेपर्यंतची वेणी गायब! केस पार मानेपर्यंत छाटलेले.

"अगं बाई! हे काय करून बसलीस?"

"वहिनी, आधी पाणी दे."

पाणी कसलं देते! या घरात आल्यापासून ती वेणी रोज सकाळी मी घालत आलेय. बाईसाहेबांना कंगवा धरायला फुरसत कुठे? अणूच्या गाभ्याचा स्पिन, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत गिरकी, मोजण्यात जन्म चाललाय. भट्टीत पदार्थ तापवायचा, त्याच्या वाफेचा बारीक झोत हवा काढलेल्या लांब नळीतून सोडायचा. वाटेतलं चुंबक त्या झोताच्या फांद्या करतं. फांद्या मोजल्या की गिरकी कळते. ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

तिच्या फांद्या पाच आल्या होत्या. आज तिचे सर तो आकडा भरसभेत जाहीर करणार, म्हणून सकाळी मी वेणी चांगली घट्ट घातली होती.

"पाच नाहीत गं, चारच," ती म्हणाली. "झोत मोजायची तार बदलायला नळी उघडली, तर चुंबकाच्या पुढे आत एक केस. एका फांदीच्या बरोबर मधोमध उभा. एकीच्या दोन दिसत होत्या. सभेत उठून सांगून टाकलं, आकडा चुकलाय, केस माझाच."

"सगळ्यांसमोर? आणि सर?"

"त्यांनी फळ्यावरचा पाच पुसून चार लिहिला."

इतक्या वर्षांची मेहनत एका केसापायी पाण्यात! मला रडू कोसळलं. "म्हणून वेणी कापायची? टोपी घालायचीस! डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"आता रोज सकाळी माझ्यामागे बसायला नको तुला," ती हसून म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

तिची पिशवी उचलून ठेवताना आतून एक काचेची छोटी बाटली घरंगळली. आत तो मेला केस. उजेडात धरून पाहिला. टोकाकडे काळाकुळकुळीत, मुळाशी पांढराशुभ्र.

घरात केसांना रंग लावणारी मी एकटीच.

"वहिनी, पाणी देणार आहेस की नाही?" आतून हाक आली. मी बाटली परत तिच्या पिशवीत ठेवली आणि पाण्याचा पेला भरला.