बाईंचा शेरा

बाई उजव्या हाताचा तळवा वर करायच्या, अगदी चौकातल्या पोलिसासारखा. डावा हात हेडफोनवर. मग ते वाक्य यायचं, "थांबा. तिचं बोलणं झालेलं नाही."

'ती' म्हणजे कोण, हे आम्हाला कधीच दिसायचं नाही. कुठल्या तरी गावातली, कुठल्या तरी घरातली एक बाई. ती कधीतरी फोनवर काही बोललेली असायची आणि तिचा आवाज वीस सेकंदांची क्लिप होऊन आमच्या संगणकात पडलेला असायचा. पडद्यावर आवाजाची रेघ नवव्या सेकंदाला सपाट झालेली मला स्वच्छ दिसत असायची.

"बाई, पुढे काही नाहीये."

"नाहीये ना? मग ऐकू द्या."

आणि त्या उरलेले अकरा सेकंद शांतता ऐकत बसायच्या. दिवसातून वीसदा. वीसही वेळा मला वाटायचं, उठावं आणि भिंतीवर डोकं आपटावं.

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. त्या सुमारास पुण्यात ज्याला त्याला एआयची कंपनी काढायची होती. आमच्या एका गल्लीत तीन होत्या. एक शाळांचे पेपर तपासणार होती, एक द्राक्षावरचे रोग ओळखणार होती. तिसरी काय करते हे तिच्या मालकालाही धड सांगता येत नसे, पण ऑफिस तिचंच सगळ्यात देखणं होतं. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात गेलात, तर शेजारच्या बाकावर कोणीतरी कानाला फोन लावून बेंगळुरूच्या माणसाला 'मराठी मार्केट' समजावत असायचा. तुम्ही त्या भागात राहत असाल, तर तुमचाही चहा असा गार झालेला असेल.

आम्ही मराठी बोलणारं यंत्र बनवत होतो. बाळंत होऊन घरी गेलेल्या बायकांना रुग्णालयातर्फे त्याने फोन करायचा, तब्येत विचारायची, आणि काही गडबड वाटली तर नर्सला कळवायचं. कल्पना आमच्या मालकाची. चाचणी म्हणून एका छोट्या दवाखान्यातल्या बायकांना, त्यांची परवानगी घेऊन, ते फोन करतही होतं. तो बत्तीस वर्षांचा, हुशार आणि सदा घाईत. मी हिंजवडीतली चांगली चाललेली नोकरी सोडून चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच्याकडे आलो होतो. यंत्राला बोलणं कळायचं, तर आधी माणसांनी बोलणं ऐकून लिहून द्यावं लागतं. अशी ऐकणारी माणसं हवीत म्हणून आम्ही पेपरात जाहिरात दिली आणि बाई आल्या.

विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आल्या होत्या. सरकारी रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. फिकट निळी साडी, पदराला पिन, हातात डब्याची पिशवी.

मालकाने विचारलं, "मॅडम, शुद्ध मराठी येते ना तुम्हाला?"

"येते. तुमच्या जाहिरातीत दोन चुका आहेत." मग पिशवी मांडीवर ठेवत म्हणाल्या, "आणि मॅडम नको, बाई म्हणा. मॅडम म्हटलं की मला मेट्रन आल्यासारखं वाटतं."

मालक हसला आणि त्यांना घेतलं. निस्तरायचं मला होतं.

कॉलेजची मुलं तासाला साठ क्लिपा उडवायची. बाई चौदा. प्रत्येक क्लिपखाली शेऱ्यासाठी एक बारीकसा रकाना होता, त्यात दोन-तीन शब्द मावायचे. बाईंना तो पुरायचा नाही. मग त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या आणि तो कागद माझ्या टेबलावर, पंचिंग मशीनखाली ठेवायच्या. 'ही रडून झाल्यावर बोलते आहे.' 'हिच्या शेजारी सासू उभी आहे, म्हणून वाक्य अर्धं.' 'ही बरं आहे म्हणते, पण बरं नाही.'

"बाई, हे यंत्राला कसं सांगू मी? याला रकाना नाहीये."

"मग करा की एक."

"वाचतो नंतर," म्हणून मी ते कागद खणात टाकायचो.

"आपण वाचाल," बाई म्हणायच्या. एरवी त्या 'तुम्ही' म्हणत. 'आपण' आलं, की समजायचं बाई चिडल्या.

सगळ्यात मोठं भांडण 'हाय'वरून झालं. शहराच्या कडेच्या गावांत 'आहे'ला 'हाय' म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, पण आमच्या यंत्राला माहीत नव्हतं. एखादीने सांगावं, "पोटात दुखतंय, कालपासून हाय," की यंत्र आनंदाने म्हणायचं, "हाय! मी आपली सहायक बोलत आहे." पहिल्यांदा सगळे पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत.

मी उपाय काढला. लिहितानाच 'हाय'चं 'आहे' करून टाकायचं. सगळ्यांनी केलं. बाईंनी नाही.

"ती हाय म्हणाली आहे. मी आहे कसं लिहू?"

"बाई, अर्थ तोच ना?"

"अर्थ तोच. बोलणारी कोण ते गेलं. उद्या ती पुन्हा हाय म्हणेल, तेव्हा तुमचं यंत्र पुन्हा तिला हाय म्हणेल."

बरोबर होतं. पण त्या उपायावर माझे आठ दिवस गेले होते, म्हणून मी ते कबूल केलं नाही.

मग डेमोचा दिवस आला. नगर रस्त्यावरच्या एका प्रसूती रुग्णालयाचे दोन डॉक्टर आणि एक व्यवस्थापिका यंत्र पाहायला आले. हे काम मिळालं तर कंपनी तगणार होती, नाहीतर दिवाळीनंतर आम्ही सगळे घरी. मी स्वतः बाईंना सांगितलं होतं, की आज काही बोलायचं नाही. त्या मागच्या खुर्चीत बसल्या. आमच्या एका मुलीने पाठ केलेली वाक्यं फोनवर म्हटली, यंत्राने अचूक उत्तरं दिली. डॉक्टर खूश दिसत होते.

व्यवस्थापिका म्हणाल्या, "आणखी कोणीतरी बोलून बघा ना. सहज."

मी कोणाकडे वळायच्या आत बाई उठल्या आणि त्यांनी फोन घेतला. यंत्राने विचारलं, आपली तब्येत कशी आहे? बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "बरी हाय." आणि गप्प बसल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. चार सेकंद गेले. त्यांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, "ताई, पण..." आणि त्याच क्षणी यंत्र म्हणालं, "ऐकून आनंद झाला. आपला दिवस शुभ असो." फोन कट.

 पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. "कळवतो," म्हणाले.

मी बाईंना जिन्यात गाठलं. दातांच्या दवाखान्यात वाट बघत बसलेली माणसं माना वर करून बघत होती, इतका माझा आवाज चढला. म्हटलं, अकरा माणसांची पोटं आहेत यावर. म्हटलं, तुम्हाला काय, तुम्हाला पेन्शन आहे.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी मुद्दाम केलं. आपल्याला तीनदा लिहून दिलं होतं. आपण वाचलं असतंत, तर आज मला उठावं लागलं नसतं."

आणि बस पकडायला निघून गेल्या.

मी वर येऊन खण उघडला. सगळे कागद बाहेर काढले, तर टेबल भरलं. तीन ठिकाणी तेच लिहिलेलं सापडलं. तिसऱ्या वेळी खाली दोन रेघा मारलेल्या. 'बाळंतीण आधी बरं आहे म्हणते. मग घरात कोण आहे ते बघते. मग दार लोटते. मग खरं बोलते. यंत्र तोवर फोन ठेवतं.'

मी ते मालकाला दाखवलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. "हे तू कधीपासून ठेवलंयस?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने सगळे कागद गोळा केले आणि स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर आल्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "ते असू दे. रकान्याचं बघा." पाच आठवडे आम्ही सगळे त्यांच्या शेजारी बसून शांतता ऐकायला शिकलो. दाराची कडी, पाळण्याची दोरी, श्वास आत ओढल्याचा आवाज. यंत्राला थांबायला शिकवलं. 'बरं' ऐकल्यावर त्याने एकदा आणखी विचारायचं, हेही बाईंनीच सांगितलं. रुग्णालयाने पुन्हा पाहिलं आणि काम दिलं.

तिसऱ्या महिन्यात यंत्राने एक कॉल लावला. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असावी. "बरं हाय," म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. यंत्र थांबलं. मग हळूच, "ताई, थंडी वाजतीया लई. टाक्यातनं पानी येतंय. घरात सांगितलं तर म्हनत्यात, व्हतंच असं." यंत्राने नर्सला कळवलं, नर्सने गाडी पाठवली. डॉक्टरांनी नंतर फोन करून सांगितलं, की आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. ऑफिसात टाळ्या वाजल्या, पेढे आले.

बाईंनी ती क्लिप दोनदा ऐकली. हेडफोन काढला. आता डोळे पुसतील असं मला वाटलं, तर म्हणाल्या, "दार लोटल्याचं कोणी लिहिलेलं नाही. सगळे पेढे खात बसलेत."

त्यानंतर कंपनी वाढली. खराडीला काचेच्या इमारतीत सहावा मजला घेतला. बाई खूश झाल्या, कारण विश्रांतवाडीहून आता एकच बस लागणार होती. त्या एका बसने त्यांनी जेमतेम चार महिने प्रवास केला. नवं मॉडेल आलं, ते स्वतःचं स्वतः तपासत होतं. ऐकणारी माणसं नकोत, असं वरच्या बैठकीत ठरलं. मी बोललो, पण जितकं बोलायला हवं होतं तितकं नाही. बाईंना सांगायचं काम माझ्याकडेच आलं.

"माझ्या जागी कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. यंत्रच यंत्राला तपासणार."

"बरं. दोघांचं जमेल." आणि डबा धुवायला गेल्या.

पुढे वर्षभर एक गोष्ट मी कंपनीत कोणाला सांगितली नाही. यंत्राला न कळलेल्या क्लिपा मी दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंना फोनवर ऐकवायचो. परवानगी देताना बायकांनी ज्या माणसांना ऐकायची मुभा दिली होती, त्या यादीतून बाईंचं नाव मी कधी काढलंच नव्हतं. दहातल्या आठ त्या उलगडून द्यायच्या, आणि उरलेल्या दोनसाठी मला बोलणी बसायची, "फोन नीट धरा, खरखर ऐकवताय."

एका गुरुवारी त्यांच्या मुलाने फोन उचलला. आई मंगळवारी सकाळी गेली, म्हणाला. झोपेतच. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, येणार असाल तर या.

गेलो. बुद्धविहाराच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. भन्तेंनी वंदना घेतली. मग रुग्णालयातल्या जुन्या सहकारी उठून बोलल्या, वस्तीतल्या बायका बोलल्या. एकीने सांगितलं, की बाईंनी तिला बोलायला शिकवलं, आणि पुढे तिला काही सुचेना. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मला कोणी ओळखत नव्हतं.

शेवटची वंदना व्हायच्या आधी बाईंचा मुलगा हात जोडत जवळ आला. "आपण आईच्या रुग्णालयातले का?"

"नाही. कर्वेनगरच्या ऑफिसातला. आम्ही एकत्र काम करायचो."

त्याने जोडलेले हात खाली घेतले. "आई रोज घरी येऊन एका माणसाच्या नावाने वैतागायची. जेवेपर्यंत तेच चालायचं. ते तुम्ही का?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

त्याला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. त्याने पुढच्या रांगेतली, घरच्या माणसांतली एक खुर्ची मोकळी केली.

"मग मागे का उभे आहात," तो म्हणाला, "बसा ना."