फुलवाल्यांची गाडी

गाडी घ्यायची हे माझं एका रिक्षात ठरलं. माझ्या सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आम्ही राहतो जूचंद्रला, सेंटर वसईत. जाताना फारसं काही नाही, येताना कसोटी लागते. चार तास त्या मशीनला जोडलेला माणूस उठतो तेव्हा त्याच्या अंगात त्राण म्हणून नसतं. त्या दिवशी नायगावचा पूल येण्याआधीच रिक्षाने असे काही खड्डे घेतले की बाबांना उलटी झाली. रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली आणि म्हणाला, उतरा. मी त्याच्याशी जी काही भांडले! माझी जीभ चालू असताना बाबा काय करत होते, तर आपल्या रुमालाने त्याची सीट पुसत होते.

बाबांनी सगळं आयुष्य ट्रक चालवला. दुसऱ्याच्या गाडीला आपल्यामुळे घाण लागली हे त्यांच्या जिव्हारी लागलं. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता ते पलंगावर बसले आणि म्हणाले, "आता मला नेऊ नका. झालं तेवढं पुरे."

डायलिसिस बंद करणं म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. बंद केलं तर दिवस, फार तर काही आठवडे. बाबांनाही ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच ते बोलले होते. नवरा पहाटे कामाला जातो तो रात्री येतो. मी घरी शिकवण्या घेते, सकाळच्या आणि संध्याकाळच्या. मधली दुपार माझी असते. लायसन्स माझ्याकडे अकरा वर्षांपासून होतं. बँकेत आणि सिमकार्डाच्या दुकानात दाखवण्यापलीकडे त्याचा मी काहीही उपयोग केला नव्हता.

मी त्यांना विचारलं, मी गाडी आणली तर माझ्या गाडीत बसाल का? माझ्याकडे न बघता ते म्हणाले, आण तर आधी. मग थोड्या वेळाने, महिनाभर सोसतो रिक्षा, त्यापुढे नाही. म्हणजे माझ्या हातात एक महिना होता.

वसईच्या पश्चिमेला वाड्यांमध्ये एक म्हातारे फुलवाले होते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने त्यांचा पत्ता दिला. सोनचाफा, मोगरा, तगर. रोज पहाटे फुलांच्या करंड्या आपल्या गाडीत घालून ते स्टेशनला पोचवत. आता गुडघे गेले, मुलं परदेशात, गाडी उभी. बाबा म्हणाले मी पण येतो, इंजिन ऐकल्याशिवाय घ्यायची नाही. गेलो. केळीच्या सावलीत एक पांढरी, छोटी, तेरा वर्षांची गाडी उभी होती. मागची सीट काढून टाकलेली. वर्षानुवर्षं ओल्या फडक्यांत गुंडाळलेली फुलं वाहून खालचा पत्रा सडलेला. मी पुढची चटई उचलून पाहिली तर खाली थेट जमीन, आणि जमिनीवर मुंग्यांची रांग चाललेली. मी कपाळावर हात मारला.

बाबांनी गाडी चालू करायला सांगितली. पहिल्याच चावीला लागली. ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ. मग म्हणाले, इंजिन चांगलं आहे, बाकी सगळा पत्रा आहे, पत्रा काय, बदलता येतो. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात काहीतरी ठाम ऐकू आलं होतं, म्हणून मी घासाघीसही धड केली नाही. फुलवाल्या काकांनी एकच विचारलं. आरशाला त्यांच्या बायकोची क्रुसाची जपमाळ लटकत होती, ती काढून देऊ का म्हणाले. बाबा म्हणाले, राहू दे, इतकी वर्षं तिनेच सांभाळली असेल गाडी.

नवऱ्याने संध्याकाळी गाडी पाहिली आणि म्हणाला, तू गाडी आणलीस की परडी? मी त्याला म्हटलं, उद्यापासून तू घेऊन जा बाबांना, मग मी परडी परत करते. तो जेवायला बसला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक जूचंद्रचाच, जुन्या घरातला. या गावातली माणसं रांगोळी अशी काढतात की लांबून फोटो वाटावा, आणि हाही दिवाळीत तासन् तास ओणवा बसून माणसांचे चेहरे काढतो. तो हात त्याच्या कामात दिसतो. त्याने तळाचा सडका पत्रा कापून काढला, नवा बसवून वेल्डिंग केलं आणि सांधे असे घासले की बोट फिरवलं तरी कळू नये. मागची सीट फुलवाल्या काकांच्या माळ्यावर सापडली, तिच्यात मांजरीने संसार थाटला होता. ती उन्हात आठ दिवस ठेवली तेव्हा कुठे तिचा वास गेला.

मला गाडीला रंग द्यायचा होता. निदान दारं तरी. बाबा म्हणाले, रंग बघून उलटी थांबत नाही, ते पैसे शॉकअप्सना घाल. ते रोज गॅरेजमध्ये जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे. डायलिसिसच्या दिवशीसुद्धा सकाळी अर्धा तास जायचे. मेकॅनिक त्यांना विचारून विचारून काम करायचा. खरंच विचारायचा की म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचा, मला कळलं नाही, पण मी त्याचे मनातल्या मनात पाय धरले. एसीचा पंखा सोडवला तेव्हा आतून वाळलेल्या मोगऱ्याच्या मूठभर पाकळ्या निघाल्या. वास नव्हता, नुसता चुरा. बाबांनी तो कागदात बांधून घरी आणला आणि कुंडीत टाकला.

गाडी देताना मेकॅनिकने मला एकच ताकीद दिली. तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा. काटा वर जायला लागला की तिथल्या तिथे गाडी बंद. जुनं इंजिन आहे, एकदा करपलं की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या वर जाईल, मग हिला भंगारात द्या. मी एवढी घाबरले की पुढे कितीतरी दिवस मी रस्ता कमी आणि तो काटा जास्त बघत होते.

महिना भरायला चार दिवस होते तेव्हा आम्ही पहिल्यांदा निघालो. पुलाच्या चढावर माझी गाडी तीनदा बंद पडली आणि मागच्या लोकांनी माझा उद्धार केला. बाबा शेजारी बसले होते. त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. येताना मी त्यांची सीट मागे पाडली, उशी दिली, पिशवी हाताशी ठेवली आणि गाडी पंचवीसच्या वर नेली नाही. पूल उतरून घराकडे वळले तर शेजारून घोरण्याचा आवाज. मी खिडकी लावून घेतली आणि त्या आवाजाच्या नादात आमच्या बिल्डिंगवरून पुढे निघून गेले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

त्यानंतर बाबांनी एकदाही नको म्हटलं नाही. पण पुढचंही काही बोलत नसत. मंगळवारी गुरुवारचं, गुरुवारी शनिवारचं, बस. चष्म्याची काडी मोडली तर चिकटपट्टी लावली. नवा करू म्हटलं तर म्हणाले, किती दिवसांसाठी? मी त्यावर चिडायची आणि ते ऐकू न आल्यासारखं करायचे. गाडीत बसतात ते माझ्यासाठी, स्वतःसाठी नाही, असं मला वाटायचं, आणि मग वाटायचं, त्यांचं मन असं एका गाडीवर टेकलेलं, गाडी बंद पडली की तेही थांबतील.

दसरा गुरुवारी आला. सेंटरला सुट्टी नसते, रक्ताला सण कळत नाही. आदल्या संध्याकाळी फुलवाल्या काकांनी कुणाबरोबर तरी झेंडूची पिशवी पाठवली. निरोप होता, आमच्या गाडीसाठी. त्यांना दसरा नसतो, पण गाडीला असतो हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. बाबांनी रात्री बसून हार केला. साधा दोरा नको, तुटतो, म्हणून जाड नायलॉनची दोरी घेतली. सकाळी मी गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. हार बांधायला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. मला बॉनेट उघडायला लावलं आणि बाजूला सारलं. आमच्या ट्रकला आम्ही असाच बांधायचो, म्हणाले. चांगला मांडीएवढा जाड हार, पुढच्या जाळीवर आडवा. गाठ मारून झाल्यावर त्यांनी दोनदा ओढून बघितली आणि बॉनेट स्वतः लावलं.

पूल उतरलो आणि काटा वर जायला लागला. आधी मला वाटलं भास आहे. मग तो मधली रेघ ओलांडून गेला. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली तोवर बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली होती. डायलिसिसची वेळ अकराची होती. मी सेंटरला फोन केला, तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तासभर थांबवते, त्यापुढे मशीन दुसऱ्याला द्यावी लागेल. मेकॅनिकला फोन केला. गॅरेजची पूजा चालू होती, तो म्हणाला निघालो. मग मी बाबांना म्हटलं, आपण रिक्षाने पुढे जाऊ, मी तुम्हाला सोडून परत येते.

बाबा हलले नाहीत. जपमाळेकडे बघत म्हणाले, "बघ, दसऱ्याच्या दिवशी थांबली. तिचंही झालं, माझंही झालं. चल घरी."

माझं डोकं फिरलं. रस्त्यात उभी राहून मी त्यांना बोलले, इतकं की येणारेजाणारे बघायला लागले. म्हटलं, तीन महिने मी जीव मुठीत धरून गाडी चालवते, मला काय हौस आहे का? तुम्हाला मरायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, गाडीच्या नावावर खपवू नका. बोलून गेले आणि मग रडायला लागले. सासऱ्यांना असं कुणी बोलत नाही. रिक्षात काही बाबा बसले नाहीत. घड्याळ मात्र पुढे चाललं होतं.

मेकॅनिक पंचवीस मिनिटांत आला. नवा शर्ट, कपाळाला कुंकू. इंजिन जरा निवू दिलं, मग बॉनेट उघडून आत वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी. शेवटी त्याने हात बाहेर काढला. हातात पिवळ्या पाकळ्या चिकटलेली नायलॉनची दोरी होती, आणि तिचं दुसरं टोक अजून आतच.

"ताई, हा हार कोनी बांधला?"

झालं असं होतं की बाबांनी दोरी जाळीतून आत घेऊन गाठ बॉनेटच्या आत मारली होती. उरलेलं लांब टोक आत लोंबत होतं. ते थंड करणाऱ्या पंख्यात गेलं, पंख्याने ते स्वतःभोवती गुंडाळून घेतलं आणि पंखा जागच्या जागी अडकला. वर पुढची जाळी त्या हाराने झाकलेली, म्हणजे वाराही बंद. फ्यूज उडाला होता, एवढंच. मेकॅनिकने कात्रीने दोरी कापली, फ्यूज बदलला, पंखा बोटाने फिरवून बघितला, आणखी थांबून पानी घातलं. तो पाण्याला पानीच म्हणतो. मग मला चावी फिरवायला सांगितलं. मी देवाचं नाव घेतलं, जपमाळेलाही हात लावला. गाडी लागली. त्याने इंजिनाला कान दिला, ऑइलचं झाकण उघडून बघितलं, मागे जाऊन धूर बघितला. तुम्ही वेळेत बंद केली म्हणून वाचली, म्हणाला, काही झालेलं नाही.

मी तिथेच, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. मला हसू येत होतं.

बाबा दार उघडून बाहेर आले. त्यांनी ती कापलेली दोरी मेकॅनिकच्या हातातून घेतली. चिकटपट्टीचा चष्मा सरळ करून ती गाठ बघितली, ओढून पाहिली. गाठ सुटली नाही. आणि ते हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, मग खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, ट्रकचा पंखा असता तर त्याने ही दोरी केव्हाच तोडून टाकली असती. मेकॅनिक म्हणाला, ही बिचारी आजीबाई आहे, बाबा.

तास भरायला पाच मिनिटं असताना सेंटरला पोचलो. चार तास मी बाहेर बाकावर बसून डुलक्या काढल्या. संध्याकाळच्या शिकवणीला सुट्टी देऊन टाकली, मुलांचं काय, ती खूषच. येताना मी नेहमीसारखी सीट मागे पाडली, उशी दिली. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पुलाचा चढ संपता संपता मी हळूच म्हटलं, बाबा, सकाळी मी फार बोलले.

ते डोळे न उघडताच म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला गाठ बाहेरच मारू."

मी हो म्हटलं. काटा मधल्या रेघेच्या खाली होता, तरी मला समोरचं नीट दिसेना, म्हणून पूल उतरल्यावर मी गाडी जरा बाजूला घेतली. बाबांनी एक डोळा उघडून विचारलं, आता काय झालं? काही नाही, म्हटलं, उन्हं डोळ्यांवर आली.