वाळुंजाची कणगी

माझ्या जावेची एक खोड मरेपर्यंत गेली नाही. कणगी विणायची म्हटलं की गोजरा आधी आत शिरणार. धान्याच्या मोठ्या कणगीला दोघी लागतात, एक आत, एक बाहेर; हिनं काडी ढकलायची, तिनं ओढायची. आत सावली, वारा लागत नाही. थोरली मी, आणि उन्हात मीच. मागल्या पौषात कणगी कमरेइतकी झाली आणि ही बाई न विचारता चालती झाली. अर्धी कणगी पडवीत तशीच आहे. चुलीत घालू का, असं सुनांनी विचारलं. एकदाच विचारलं.

आज जेवून त्या कणगीला पाठ लावून कलंडते. डोळा लागतो न लागतो तोच पाठीला टोचतं. विणीतून एक काडी बाहेर येते. ओली, तांबडीलाल. ओढ्याकाठचा वाळुंज थंडीत पानं झडली की असाच पेटतो.

"ओढा की अक्का. निजलासा व्हय?"

"तोंड सांभाळ. कुठं होतीस?"

"हितंच. काड्या भिजत घालाय गेलते."

मी ओढते. पडवीत ओढ्याचं पाणी घोट्याला लागतं. खांब होते तिथं वाळुंज उभा आहे, लाल. चूल पाण्यातच जळते आहे, त्याचं कुणाला काही नाही. काडी आत, काडी बाहेर. गोजराची बोटं दिसतात, हिरव्या बांगड्या दिसतात. मान खाली. कणगी छातीला येते, गळ्याला येते.

"गोजरे, वर बघ जरा."

"एवढा येढा हुंदे."

आणखी एक वेढा झाला तर ती मला दिसायची नाही. मी हात सोडते.

"ओढा की!"

"नाही ओढत. आधी बाहेर ये."

ती हसते. "दर साली तुमीच बखोट धरून काढत हुतासा. आता काय झालं?"

मी काठावरून हात घालते. गार बोटं लागतात. एका हातानं वजन पेलत नाही.

"ही काडी दातात धरा," ती विणीतून काडी सरकवते, "न् दोनी हात लावा."

मी काडी दातात धरते. दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घालते, चाचपते. नुसतं पाणी.

ऊन पायावर आलेलं. पडवी कोरडी, कणगी कमरेइतकीच. तोंड मात्र कडू. बोट घालून दातातून ओढते तर वाळुंजाच्या सालीचा लाल धागा, अजून ओला.

उठते. काठाला धरून कणगीत वाकते आणि सुनांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलते.

"न विचारता गेलीस, चुकलं तुझं, गोजरे. पुढच्या खेपेला आत मी बसणार. बाहेर तू राहून बघ."