देवीच्या जागेवर बंद पडणारं इंजन

इंजन आणायचा हट्ट माझाच होता, हे आधी कबूल करते. पुढे दोन वर्षं मी गावभर उलटंच सांगत फिरले. नवऱ्याचा उजवा खांदा निखळला, बसवला, परत निखळला, आणि डॉक्टरांनी वल्हं मारायला कायमची मनाई केली. आम्ही धरणात मासे धरणारी माणसं. नवऱ्याला जमिनीवरचं कुठलंच काम धड येत नाही आणि आवडत तर मुळीच नाही. म्हणून मी म्हटलं, नावेच्या मागं लावायचं इंजन बघा, जुनं का असेना.

जुनं म्हणजे किती जुनं, ते विचारायचं राहिलं. आलं ते रंग उडालेलं, वरचं टोपण सुतळीनं बांधलेलं. सोबत एक लोखंडी टाकी, तिच्यातून निघालेली रबरी नळी, आणि नळीच्या मध्ये हातानं दाबायचा फुगा. फुगा दाबला की पेट्रोल इंजनात चढतं, मग दोरी ओढायची. दिवाळीपासून होळीपर्यंत ते गुणानं चाललं. नवरा एका हातानं दांडा धरून अशा ऐटीत यायचा, की काठावरून मीही बघत राहायची.

होळीनंतर त्याला खोड लागली. सुरू छान व्हायचं, अर्धं पाणी कापायचं, मग खोकायचं, धापा टाकायचं आणि गप्प. तेही दर वेळी त्याच जागी. आमच्या धरणाखाली जुनं गाव बुडालेलं आहे, आणि मधोमध जिथं इंजन बंद पडायचं, तिथंच खाली त्या गावच्या देवीचं देऊळ आहे. लोकांना आणखी काय हवं होतं? काठावर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं, की देवीला इंजनाचा आवाज खपत नाही.

नवऱ्यालाही ते पटलं. तो नावेत नारळ ठेवायला लागला. कधी नारळावर भागायचं, कधी तास जायचा. तोवर तो दोरी ओढत राहायचा, त्याच मोडक्या खांद्यानं. आणि मी काठावर रिकामी टोपली घेऊन उभी. बाजाराच्या दिवशी सकाळी नऊच्या आत मासे पोचले तर गिऱ्हाईक भेटतं. आमचे पोचायचे ऊन चढल्यावर, डोळे पांढरे झालेले. मग बायका नाकाला पदर लावून पुढं जायच्या, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बरं, दुरुस्ती केली नाही असं नाही. ढाणकीला एक मिस्त्री आहे, कपाशीवर फवारणी करायचे पेट्रोलचे पंप दुरुस्त करतो. त्या पंपाचं इंजन आणि आमचं एकाच जातीचं, दोन्हींत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. आम्ही पोत्यात इंजन बांधून एसटीनं न्यायचो. टाकी घरीच राहायची, कारण कंडक्टर पेट्रोलची टाकी गाडीत चढू देत नाही. मिस्त्री इंजन पाण्याच्या ड्रमला लावायचा, आपल्याकडची पेट्रोलची बाटली जोडायचा, आणि आमचं इंजन अर्धा तास वाघासारखं गुरगुरायचं. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, तरी त्याचं म्हणणं एकच.

"काकाजी, इंजन तं एकदम मस्त हाये. तुमच्या धरनातच काईतरी असन."

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्याचा पोरगा हसला, आणि मला ते इंजन तिथंच ड्रममध्ये बुडवून यावंसं वाटलं.

घरात वेगळाच ताप. टाकी काठावर ठेवली तर पेट्रोल चोरीला जातं, म्हणून ती रोज घरात. एका खोलीत आम्ही, धान्य, जाळी आणि टाकी. पहिल्या उन्हाळ्यात तर पेट्रोलचा वास असा भरायचा, की भाकरीलाही तोच. टाकी चुलीपासून लांब नेली, ओलं पोतं टाकलं, जमेल ते सगळं करून पाहिलं.

या सगळ्याचा राग मी कुणावर काढणार? एका बाजाराच्या दिवशी तो साडेदहाला आला, तेव्हा काठावरच्या चार माणसांसमोर मी म्हटलं, "नाचता येईना अंगन वाकडं. इंजन नाही बिघडलं, मानूस बिघडला." त्यानं मासे माझ्या टोपलीत ओतले आणि घरी गेला.

त्यानंतर आठ दिवसांनी त्यानं सांगितलं, की कापसाच्या एका जिनिंग कारखान्यावर फाटकाशी बसायला माणूस पाहिजे आहे आणि तो हो म्हणून आला आहे. सोमवारपासून जायचं. इंजन भंगारात देऊन टाकू, म्हणाला. जन्मभर पाण्यावर राहिलेला माणूस कापसाच्या गाड्या मोजत खुर्चीवर बसणार. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. म्हटलं, भंगारात द्यायच्या आधी एकदा मी नावेत बसते. बघू तुमची देवी मला काय म्हणते.

शनिवारी सकाळी निघालो. इंजन सुरू झालं, अर्ध्या पाण्यापर्यंत आलं, खोकलं आणि बंद.

"अवं, देवीची जागा हाये ही. हात जोड," नवरा म्हणाला.

"देवीले दुसरं काम नाही का?" मी म्हटलं, पण हात जोडले.

त्यानं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नळीवरचा फुगा चपटा होऊन पडला होता. शेवटी पेट्रोल किती आहे ते बघायला त्यानं टाकीचं झाकण फिरवलं, आणि फुस्स असा आवाज आला. चपटा फुगा हळूहळू गोल झाला.

"हे काय वाजलं?"

"हमेशाच वाजते."

मी झाकण त्याच्या हातून घेतलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध हरभऱ्याएवढा गोळा चिकटलेला, तेलानं काळपट झालेला, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा. तो साबण होता, माझ्या धुण्याचा. त्या पहिल्या उन्हाळ्यात झाकणाला एक बारीक भोक दिसलं होतं आणि वास त्यातूनच येत होता. आमच्याकडे गाडीची टाकी गळली तरी साबणच लावतात. मीही धुणं धुता धुता एक गोळा आतून दाबून बसवला आणि विसरून गेले. भोक हवेसाठी होतं. टाकीतून पेट्रोल जायचं तर तेवढी हवा आत यायला पाहिजे. ती येत नव्हती, म्हणून टाकीचा दम अर्ध्या पाण्यापर्यंतच पुरायचा. देवळाचा त्यात काही दोष नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळा खरवडून गुपचूप पाण्यात टाकला असता, तर देवी पावली म्हणून त्यानं हात जोडले असते आणि माझी अब्रू राहिली असती. मनात ते आलंही. पण त्याचा खांदा माझ्या डोळ्यांसमोर होता, दोरी ओढून ओढून थरथरणारा. मी केसातली पिन काढली, साबण कोरून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हे मी केलं. वास येत होता म्हून."

त्यानं तो गोळा बोटांत फिरवून बघितला. मग म्हणाला, "म्हंजे दोन वर्षं मी नारळ दुसऱ्याच देवीले फोडून राह्यलो होतो."

तो हसला. मला हसता आलं नाही. त्यानं झाकण लावलं, फुगा दाबला, दोरी ओढली, आणि पलीकडच्या काठापर्यंत इंजन कुठंही थांबलं नाही. तिथं पोचल्यावर त्यानं जिनिंगच्या मुकादमाला फोन केला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं.

परत आलो तेव्हा काठावर तेच चौघं बसलेले. एकानं विचारलं, काय झालतं इंजनाले? मी मान खाली घातली.

"झाकनाच्या भोकात कचरा बसला होता," नवरा म्हणाला. "बाईनं पाह्यलं म्हून सापडलं."

टाकी अजूनही घरातच असते, माझ्या उशापासून चार हातांवर. उन्हाळ्यात फार वास येतो. मी काही बोलत नाही.