ओढ्यापलीकडची जमीन

“अहो सर, आपण आत या. ही पायरीवर बरी.”

अण्णांनी मला बंगल्याच्या दारात असं थांबवलं. कात्रजच्या पुढे, महापालिकेत गेलेल्या माझ्याच गावात. अण्णा म्हणजे गावचे मोठे जमीनदार, आता बिल्डरचे भागीदार. सर माझे प्राध्यापक. समतेवर तासन्‌तास बोलणारा हा माणूस माझ्याकडे न बघता आत जाऊन बसला. चहा आला तेव्हा बिस्किटंही घेतली.

भांडण दफनभूमीचं. ओढ्यापलीकडे आमच्या दलित वस्तीची माणसं पुरलेली आहेत. माझा बाप तिथेच आहे. अण्णा म्हणत, जागा त्यांची, भिंत घालणार. हद्दीचे दगड पुरात कधीच वाहून गेलेले. म्हणून गावाच्या रीती आणि आठवणींतून हद्द शोधायचं काम तहसीलदारांनी आमच्या संशोधन संस्थेकडे दिलं, आणि सरांची सहायक म्हणून मी माझ्याच गावात पायरीवर उभी.

मी रेकॉर्डर पुढे धरला. “चालेल ना?”

“हुंदे की. घाबरतो का काय!”

“जत्रेतली पालखी तुमच्या रानाच्या हद्दीनं फिरते. ती वळते कुठून?”

अण्णा हसले. “ओढ्यावरनं. पलीकडं तुमची मढी. तिथं आमचा देव कशाला जाईल? माझ्या बापानंबी कधी पाय ठेवला न्हाई. ती जागा तुमची, इटाळबी तुमचा.”

मला हिणवायच्या नादात गडी स्वतःची हद्द सांगून बसला. त्याला कळलंही नाही. मी रेकॉर्डर तसाच धरून ठेवला.

सरांना मात्र कळलं. गाडीत म्हणाले, “ते वाक्य अहवालातून गाळू या. उगाच कटुता नको. आपण तटस्थ असतो.”

“तटस्थ माणूस आत बसून चहा पितो का, सर?”

किती केविलवाणे दिसत होते! याच माणसाला मी वाकून नमस्कार करायचे. किळस आली.

“वाक्य राहील,” मी म्हटलं. “गाळलंत, तर सुनावणीत रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकवीन.”

तहसीलदारांपुढची सुनावणी सोमवारी आहे. अण्णांच्या तोंडावर त्यांचंच बोलणं मी वाचून दाखवणार आहे, विटाळासकट, एक शब्द न गाळता. त्यांचा देव जिथून वळतो तिथे त्यांची जमीन संपते. त्यापुढे माझा बाप आहे. तिथे एक वीट लावू देणार नाही.