कणसरीसाठी आणलेला तुकडा

साखरशेतचा देवानंद एका जागी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला नाही. जेवताना गुडघा हलतो, बोलताना बोटं. अशा माणसाच्या हाती कंपनीने काय द्यावं? सोलर पॅनेलच्या पोटात बसणारी सिलिकॉनची वेफर, कागदासारखी पातळ, जरा दाबली की तडकणारी! पण आठ वर्षं तो तारेच्या मशीनवर सिलिकॉनच्या विटा कापून तसल्या वेफर काढत होता, आणि मशीनवर उभा राहिला की त्याचा हात कधी हलला नाही.

यंदा कारखान्यात नवं मशीन आलं, ते त्याच्या हवाली झालं. पहिल्याच विटेला तार तुटली. दुसरीलाही तुटली.

"तिसरी गेली तर मशीन दुसऱ्याला द्यावं लागेल," कारखान्याचे हेमंत साहेब म्हणाले.

झालं, देवानंदचं अन्नावरून मन उडालं. इंजिनियर कारण शोधत बसले, याला ते आधीच सापडलं होतं. नवं धान्य कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय त्याच्या घरी कुणी तोंडात घालत नाही. आणि आपण नव्या मशीनचं पहिलं पीक सरळ भंगारात टाकलं! त्याने त्या भंगारातला बोटभर तुकडा रिकाम्या डब्यात दडवला आणि सुट्टीला घरी आणला. कारखान्याबाहेर कण जरी नेला तरी ती चोरी, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याची आई, काळी तिचं नाव, अंगणात नाचणी पाखडत होती. तिने तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"इचारून आनलास?"

"नाय."

"चोरून आनलेलं कनीस देवी घेत नाय, पोरा. जा, ठेवून ये."

"आये, सांगितलं तं नोकरी जाईल."

"जाईल तं जाईल," म्हणून तिने सूप उचललं.

जव्हारहून एसटीत बसल्यापासून तो आईवर धुसफुसत होता. कारखान्यात जाताना डबा कुणी तपासत नाही. तुकडा भंगाराच्या पिंपात गुपचूप टाकला असता तर कुणाला कळणार होतं? पिंपाचं झाकण त्याने दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग गेला आणि तुकडा हेमंत साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"देवीला दाखवायला नेला होता, साहेब. आईने परत पाठवला."

साहेबांनी तुकडा ड्रॉवरमध्ये टाकला. नोकरी वाचली, मशीन मात्र शेजारच्या मशीनवरच्या कमलेशकडे गेलं.

तिसरी वीट कमलेशने कापली. तार तुटली नाही. अख्ख्या वेफर बाहेर आल्या तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवानंदनेही वाजवल्या, मशीनच्या खोलीच्या काचेबाहेरून. त्याच्या मनाला फार लागलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. आज तिसरी वीट कापायची, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं.

"निंगाली का अख्खी?"

"निंगाली."

"तुज्या हातची ना?"

त्याचा गुडघा हलायचा थांबला. "हां, आये."

"मंग तुज्या नावानं आत्ताच नारळ फोडते कनसरीला."

फोन बंद झाला. तुकडा परत नेऊन ठेवता आला होता. हे खोटं आता कुठे नेऊन ठेवायचं, ते देवानंदला कळेना.