तीन उकळ्या

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. चांगल्या बी.एस्सी. झालेल्या बाईचा पराक्रम आहे हा!

आमची स्वरा सहा वर्षांची. किडन्या जन्मापासूनच कमजोर. दर दोन महिन्यांनी घाटंजीहून यवतमाळची वारी ठरलेली. एका खेपेला डॉक्टर म्हणाले, "रक्तात दाह वाढलाय. अशा मुलांच्या पोटातले चांगले जंतू कमी होतात, त्यानंही वाढतो कधीकधी. ही पुडी रोज पाण्यातून द्या. बघू फरक पडतो का."

आता मी कशी? पाहुण्यांच्या हातचं खेळणंसुद्धा उकळून पोरीला देणारी! पुड्या घरी आणल्या आणि अगदी मनोभावे सुरू केल्या.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. दाह जागच्या जागी! पोरीचं कसं व्हायचं? आणि हे झालं कुणामुळे? संशय थेट सासूबाईंवर. किडन्यांमुळे स्वराला केळं बंद, आणि घरात नातीचा शब्द खाली न पडू देणारी आजी!

"आई, खरं सांगा, केळं देता ना तिला?"

"मी कायले देऊ वं? तिच्यापायी मी सोता केळं सोडलं!"

पटतंय थोडंच! मी पोरीचं तोंड हुंगलं. सासूबाईंच्या उशीखाली हात घातला. निघाली काय, तर तंबाखूची डबी. शेवटी त्यांनाच घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले.

"डॉक्टर, तुम्हीच समजवा यांना."

डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, "पुडी कशी देता?"

"एकदम स्वच्छ!" मी छाती फुगवून. "पाण्यात मिसळते आणि चांगल्या तीन उकळ्या आणते."

डॉक्टरांचा पेन कागदावरच थांबला. "ताई, त्या पुडीत जिवंत जंतू असतात. चांगले."

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे दोन मयने हे पोरीले जंतूचा रस्सा पाजून राह्यली? अन् मी शिकेल सून पाह्यजे म्हणून अडून बसलती!"

"अपाय काही नाही," डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "पण उपयोगही नाही." आणि नव्या पुड्या माझ्या पसरलेल्या हातावरून पुढे नेऊन त्यांनी सासूबाईंच्या पदरात टाकल्या.

परवाच्या रिपोर्टात दाह जरा उतरलाय. पुडीनंच उतरला असं समजू नका, डॉक्टरांनी बजावलं. सासूबाईंनी ते ऐकलंच नाही. रोज सकाळी पुडी फोडण्याआधी त्या माझ्यापुढे हात करतात,

"गॅसचा लायटर दे मायाजवळ पयले!"